दोन मण सहा शेर काळजी

चिंतेने माणूस वाळतो, असं म्हणतात. चौल-रेवदंड्यातही म्हणत. त्यामुळे कोकिळाबाई राऊतांकडे पाहून गावाने एकच अर्थ काढला होता: या बाईच्या जिवाला कसलाही घोर नाही.

कोकिळाबाई म्हणजे दवाखान्याच्या नर्सबाई. मुंबईला सुईणीचं शिक्षण पुरं करून एकोणपन्नास साली त्या सासरच्या गावी, चौलला, नेमणूक घेऊन आल्या तेव्हा जेमतेम सव्वा मण होत्या. थेरोंड्याच्या कोळीवाड्यातल्या नीराबाईने त्यांना पहिल्यांदा पाहिलं आणि सरळ विचारलं, "ही पोर काय पोरं काढनार? वाऱ्यानं उडंल ती." नीराबाई सुक्या मासळीची मोठी व्यापारीण. तिचं तोंड आणि तिचा तराजू दोन्ही खरे, असं लोक म्हणत. पण वर्षभरात कोकिळाबाईंनी तिच्याच घरातलं एक आडवं आलेलं मूल सुखरूप बाहेर काढलं, तेव्हापासून नीराबाई त्यांना 'आमची बाई' म्हणू लागली.

चौल, रेवदंडा, थेरोंडा आणि खाडीपलीकडचं कोर्लई, एवढा मुलूख एकट्या कोकिळाबाईंकडे होता. वर्षाला पावणेदोनशे बाळंतपणं. वाडीच्या पाटावरून, किनाऱ्याच्या वाळूतून, खाडीच्या तरीत, म्हणजे होडीत बसून, तरीतून उतरून चिखलातून, त्या दिवसाला सहा-सात मैल सहज चालत. सकाळी घरून निघताना पोटात चहाशिवाय काही नसे. दुपारचं जेवण कधी तीनला, कधी पाचला, आणि बहुतेक वेळा चुलीपुढे उभ्यानेच. झोपेची तर गोष्टच सोडा. पोरं काही घड्याळ पाहून जन्माला येत नाहीत.

एवढं चालणारी आणि एवढं अर्धपोटी राहणारी बाई खरं म्हणजे काडी व्हायला हवी होती. पण बाळंतिणीचं घर म्हणजे लाडवांचं घर. एका घरी डिंकाचे, दुसऱ्या घरी अळिवाचे, तिसऱ्या घरी मेथीचे. बाळंतिणीच्या आधी नर्सबाईंच्या हातावर लाडू ठेवायचा, अशी रीतच पडली. कोळीवाड्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे यायची. मोहल्ल्यात सांदण आणि नारळाचं दूध. माळ्यांच्या घरी बारशाचे पेढे, ते पदराला बांधून दिलेले. आणि चहा सगळीकडे, पाक झाल्यासारखा गोड. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं की घरधनीण विचारी, "का हो, आमच्या हातचं चालत नाही?"

हे झालं लोकांनी खाऊ घातलेलं. कोकिळाबाईंच्या पिशवीत, कात्री आणि डेटॉलच्या बाटलीशेजारी, चणे-गुळाचा एक डबाही असे. त्याची सुरुवात त्रेपन्न सालची.

त्या साली थेरोंड्यातल्या रतनला कळा लागल्या होत्या. कोकिळाबाईंनी सकाळी तपासलं, उद्यापर्यंत काही होत नाही असं सांगितलं आणि त्या कोर्लईला अडलेल्या दुसऱ्या बाईकडे गेल्या. परतताना ओहोटी लागली. तरीची होडी चिखलात बसली आणि भरती येईपर्यंत हलली नाही. त्या पोचल्या तेव्हा मूल रडत होतं आणि रतन पांढरीफटक पडली होती. अलिबागला न्यायला गाडी जुंपली, पण गाडी गावाबाहेर पडायच्या आत सगळं संपलं. रतन नीराबाईची भाची. नीराबाईने कोकिळाबाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाई, तुमचा काय दोष? समुद्राला कोन काय बोलंल."

कुणीच दोष दिला नाही. दिला असता तर कदाचित बरं झालं असतं. त्या दिवसापासून कोकिळाबाई दिवस भरत आलेल्या प्रत्येक बाईकडे आठवड्यातून तीनदा जाऊ लागल्या. कळा लागल्या की त्या घरातून हलत नसत, मग दहा तास लागोत की वीस. सखुबाई म्हणून गावातली जुनी सुईण होती, चाळीस वर्षांचा हात. तिला त्यांनी पाणी उकळण्यापलीकडे काही करू दिलं नाही. आणि वाट पाहताना पोटात खड्डा पडल्यासारखं झालं की हात आपोआप डब्यात जायचा. ती भूक आहे, अशी त्यांची समजूत होती.

बाईंचं वजन वाढतंय हे सगळ्यात आधी कळलं हरेश्वरांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना. हरेश्वरांचं रेवदंड्याच्या बाजारात शिवणाचं दुकान. अंगाने ते सुईसारखे. चार माणसांचं जेवत आणि त्यातलं एक शितही अंगाला लागत नसे. बायकोच्या पोलक्यांना ते शिवणीत दोन बोटं माया सोडत आणि दर वर्षी गुपचूप उसवून वाढवत. अशी आठ वर्षं गेली. नवव्या वर्षी माया संपली.

"अगं," ते भीतभीत म्हणाले, "या खेपेला कापडच थोडं जास्त आणू या."

"का? भाव उतरलाय?"

"भाव नाही उतरला," हरेश्वर म्हणाले आणि हातातली टेप गुंडाळू लागले.

सत्तावन्न साली चौबळ डॉक्टर नव्याने दवाखान्यात आले. तरुण, शिस्तीचे, आणि नवीन यंत्राची हौस असलेले. रक्तदाब मोजायचं यंत्र आलं तेव्हा ते चालतं का हे पाहायला त्यांनी पहिला दंड नर्सबाईंचा धरला. पारा एकशेऐंशीवर गेला. यंत्र बिघडलं असावं म्हणून त्यांनी स्वतःचा मोजला. यंत्र ठीक होतं.

"बाई, वजन उतरवायला हवं," ते म्हणाले. "रोज चालायला जात जा."

"डॉक्टर, मी काल सात मैल चालले."

डॉक्टरांनी दंडाची पट्टी सोडली. "मग आराम करत जा."

"कधी?"

डॉक्टरांनी पेन उघडलं. त्यांनी कागद ओढला आणि लिहून दिलं: गोड बंद, भात अर्धा, तळलेलं बंद, आणि खाली ठळक अक्षरात, 'काळजी करू नये.' कोकिळाबाईंनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. आतापर्यंत त्यांना बाळंतिणींची काळजी होती. आता त्यात आपण काळजी करतो याचीही काळजी मिळाली.

दवाखान्यात मोठ्या माणसाचा काटा नव्हता, फक्त बाळांचा झोळीचा होता. म्हणून वजन करायला अब्दुस्समदशेठच्या सुपारीच्या वखारीत जावं लागलं. शेठ मोठा भला माणूस. त्यांची सून सफुरा कोकिळाबाईंच्याच हाताखाली दोनदा बाळंत झालेली. शेठनी सुचवलं, शुक्रवारी दुपारी या, आम्ही सगळे नमाजाला जातो, वखारीत भिकू तोलाऱ्याशिवाय कुणी नसतं. सोय चांगली होती. भिकूही सज्जन होता. पण तीस वर्षं पोती तोललेला माणूस, वजन मनात म्हणणं त्याला जमत नसे. कोकिळाबाई दोऱ्या धरून पारड्यात बसल्या. भिकूने पलीकडे पहिलं मणाचं वजन ठेवलं आणि सवयीने, एकाला लाभ म्हणायच्या तोलाऱ्यांच्या रीतीने, सूर लावून म्हणाला, "लाभ..." मग दुसरं ठेवलं. "दोन..." मग शेर. "दोन मण चार." तो आवाज वखारीच्या दारातून बाजारात गेला. दिवेलागणीपर्यंत चौलात आकडा माहीत नाही असं माणूस उरलं नाही.

कोकिळाबाईंनी कंबर कसली. सकाळी लिंबू-पाणी, दुपारी एक भाकरी आणि कुळथाचं पिठलं, सोमवार आणि शनिवार उपास. उपासाला साबुदाणा आणि शेंगदाण्याचा लाडू चालतो, हे ओघाने आलंच. घरोघरचा चहा आणि लाडू मात्र त्यांनी खरंच सोडले. पहिल्याच आठवड्यात त्या नीराबाईच्या सुनेला, केसरला, तपासायला गेल्या. पोटावर हात ठेवून पाहिलं, सगळं ठीक होतं. नीराबाईने चहाची कपबशी पुढे केली.

"नको, आज नको," कोकिळाबाई म्हणाल्या.

नीराबाईचा चेहरा उतरला. कोकिळाबाई अंगणातून बाहेर पडतात न पडतात तोच मागून केसरचं हुंदके देऊन रडणं ऐकू आलं. त्या परत आल्या.

"काय झालं गं?"

केसरने पदरात तोंड लपवलं. नीराबाईच बोलली. "बाई, खरं काय ते सांगून टाका. रतनच्या वक्ताला बी तुमी सकाळी चाय न घेता गेल्या व्हत्या."

कोकिळाबाईंना आठवेना, घेतला होता की नव्हता. नीराबाईला मात्र चार वर्षांनीही आठवत होतं. त्या चटईवर बसल्या, चहा प्यायल्या, वर एक लाडू खाल्ला. केसरने डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यात पुन्हा दिवस गेलेल्या सफुराची सासूही म्हणाली, "सिस्टर, अल्लाच्या नावाने एक घोट तरी घ्या. माझी पोर घाबरते." बातमी त्यांच्या आधी पोचली होती. त्या आठवड्यात कोकिळाबाईंना नेहमीपेक्षा जास्त घरी, नेहमीपेक्षा जास्त चहा प्यावा लागला, कारण आता प्रत्येक घर त्यांच्या कपाकडे डोळे लावून बसत होतं.

घरी मात्र पथ्य कडक चालू होतं. दिवसभर लोकांच्या समाधानासाठी खायचं आणि घरी डॉक्टरांच्या समाधानासाठी उपाशी झोपायचं. झोप कसली, पोटात कावळे आणि डोक्यात उद्याची नावं. दीड महिन्याने भिकूने पुन्हा सूर लावला तेव्हा आकडा दोन मण सहा शेर निघाला.

"हे पथ्य केलं म्हणून एवढ्यावर राहिलं," हरेश्वर म्हणाले. "नाहीतर विचार कर."

कोकिळाबाईंनी विचार केला आणि चणे-गुळाचा डबा उघडला.

पुढची तीन वर्षं अशीच गेली. पथ्य धरायचं, सुटायचं, पुन्हा धरायचं. गावालाही सवय झाली. ओळखीचा खोत दिसला की लोक त्याला पिकाचं विचारत आणि कोकिळाबाई दिसल्या की वजनाचं. मग मण-शेर जाऊन किलो आले. अब्दुस्समदशेठनी वखारीत नवी लोखंडी वजनं आणली. भिकूने मोठ्या नाखुशीने ती पारड्यात टाकली आणि पहिल्यांदाच सूर न लावता म्हणाला, "ऐंशी."

त्या दिवशी हरेश्वर खुशीत घरी आले. "शहाऐंशीवरून ऐंशीवर आलीस. सहाने उतरलीस."

"अहो, ते शेर होते. हे किलो आहेत."

"सरकारने उतरवलं तर उतरवलं. आपण कशाला वाद घालायचा?"

एकसष्ट सालच्या जानेवारीत, एका वाडीतून बाळंतिणीला पाहून परतताना, विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवर कोकिळाबाईंचा पाय घसरला. घोट्याचं हाड चिरलं. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, आठ आठवडे उठायचं नाही.

पहिली चिंता गावाला पडली. चालून चालून जी एवढी, ती झोपून केवढी होईल? हरेश्वरांनी न सांगताच चार वार जादा कापड आणून ठेवलं.

कोकिळाबाईंचा पहिला आठवडा फार वाईट गेला. पडवीत खाटेवर पडून त्या रस्त्याकडे कान लावून असत. त्या महिन्यात बारा बायका मोकळ्या व्हायच्या होत्या. बाराही नावं त्यांना पाठ होती. बदली नर्स मिळाली नाही. उरली एकटी सखुबाई. कोकिळाबाईंनी तिला बोलावून दोन तास सूचना दिल्या. ब्लेड उकळ, नाळेला हा दोरा, रक्त जास्त वाटलं तर एक क्षण न थांबता डॉक्टरांना बोलाव. सखुबाईने सगळं शांतपणे ऐकलं.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "तुमच्या मालकांची नाळ मीच कापलेली हाय. धडधाकट हायत ना?"

पहिल्या बाळाची बातमी आली: मुलगा, आई ठीक. दुसरी आली: मुलगी, आई ठीक. तिसऱ्या खेपेला सखुबाईने स्वतःच वेळेवर डॉक्टरांना बोलावलं, तेही निभावलं. प्रत्येक बातमीला कोकिळाबाईंना हायसं वाटे आणि त्याच वेळी काहीतरी टोचे. आपण नसताना सगळं बरं चाललंय, हे ऐकायला कुणाला आवडतं? पण तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की रात्री नऊला डोळा लागतो तो सकाळी सहालाच उघडतो. हरेश्वर दुकानात जाण्याआधी, साडेअकराला, गरम भात-आमटी समोर ठेवत. मऊ भात, वर नारळ घातलेली आमटी, कधी तळलेला बोंबील. पथ्याच्या कागदावर यातलं निम्मं बंद होतं. त्या बसून, चावून जेवत आणि रात्रीपर्यंत त्यांना कशाची आठवण होत नसे. डबा फळीवर होता. पाय धड नसल्याने तो काढता येत नव्हता. सहाव्या आठवड्यात हरेश्वरांनी काढून दिला तेव्हा चण्यांना पोरकिडे लागले होते.

भेटायला येणारे रिकाम्या हाताने येत. बाळंतिणीच्या घरी नर्सला लाडू देतात; नर्सच्या घरी लाडू न्यायची रीत नव्हती.

प्लास्टर कापल्यावर डॉक्टरांनी रक्तदाब घेतला. एकशेचाळीस. त्यांनी यंत्राला टिचकी मारून पुन्हा घेतला. तेवढाच. वखारीत भिकू म्हणाला, "त्र्याहत्तर," आणि स्वतःच चपापून वजनं पुन्हा मोजली.

"बाई, नक्की काय केलंत?" चौबळांनी विचारलं. त्यांनी लिहून घ्यायला वहीसुद्धा उघडली होती.

"काही नाही केलं," कोकिळाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेनला टोपण लावलं आणि वही मिटली.

कामावर परतल्या त्या दिवशी बाजारातून जाताना त्यांना प्रत्येकाने अडवलं. बाई, किती वाळलात. बाई, खोकला वगैरे नाही ना? एका म्हातारीने तर सुनेला त्यांच्यापासून चार हात लांब उभं केलं. तिला क्षयाचा संशय होता. नीराबाईने त्यांना वरून खाली न्याहाळलं आणि सुनेला हाक मारली, "केसर, लाडू आन. दोन आन." चार दिवसांत जुनं सगळं परत सुरू होणार, हे कोकिळाबाईंना स्पष्ट दिसलं.

त्या नीराबाईजवळ बसल्या. "लाडू नको," त्या म्हणाल्या. "भूक लागलीय. मला जेवायला वाढ. आणि मी जेवेपर्यंत मला कुणी बोलवायचं नाही."

नीराबाईला हे नवीन होतं. पण जेवण मागणाऱ्याला नाही म्हणणं तिच्या घराण्यात नव्हतं. तिने पाट मांडला. केसरने भात वाढला. जेवता जेवता कोकिळाबाईंनी एकदा रतनचं नाव काढलं. आठ वर्षांत त्यांनी ते तोंडातून काढलं नव्हतं.

"मी त्या दिवशी कोर्लईला गेले नसते तर."

"तर कोरलईची मेली असती," नीराबाई म्हणाली. "जेवा आता."

त्या आठवड्यात कोकिळाबाई सखुबाईच्या घरी गेल्या. कात्री, दोरा, ब्लेड, डेटॉलची बाटली, असं सगळं सामान एका नव्या पिशवीत भरून तिच्यासमोर ठेवलं. थेरोंडा आणि कोर्लई तुझं, चौल आणि रेवदंडा माझं. अडलं तर हाक मार. सखुबाईने पिशवी उलटसुलट पाहिली आणि बंद नीट शिवलेत ना ते तपासलं. ती हरेश्वरांनीच शिवली होती.

मग कोकिळाबाई साडेअकराला जेवू लागल्या. कळा नुकत्याच लागलेल्या असल्या तर दुपारी तासभर घरी झोपूही लागल्या. वजन हळूहळू उतरत अडुसष्टवर आलं. हरेश्वर पोलकी आत घेऊ लागले आणि उरलेल्या कापडाच्या कुंच्या शिवून बाळांना वाटू लागले. त्या वर्षी आई किंवा मूल, एकही दगावलं नाही.

पण गावाला ते काही पटलं नाही. धावणारी नर्स पाहायची सवय झालेली. चालणारी नर्स म्हणजे कामचुकार. कुणीतरी जिल्ह्याला निनावी अर्ज केला, की नर्स दुपारी झोपते. बासष्ट सालच्या मार्चात एक साहेब तपासणीला आले आणि नेमके दीड वाजता पडवीत उभे राहिले. कोकिळाबाई झोपल्या होत्या. साहेबांनी नोंदवही मागितली. वर्षाची एकशे एकोणऐंशी बाळंतपणं त्यांनी चाळली, पण ती काही त्यांच्या चौकशीचा विषय नव्हती. ते स्वतः चांगलेच स्थूल होते, घामाघूम झाले होते, सकाळपासून चार गावं करून आले होते. कोकिळाबाईंनी विचारलं, "साहेब, जेवलात का?"

"वेळ कुठे आहे," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

महिन्याभराने शेरा आला. सेवापुस्तकात सत्तावन्न ते साठ या चारही वर्षांपुढे 'अत्यंत उत्साही व तत्पर' असं लिहिलेलं होतं. एकसष्टपुढे लिहिलं होतं, 'कामात उत्साह कमी.' चौबळ डॉक्टर संतापले. आपण उलटं पत्र लिहू म्हणाले.

"राहू द्या," कोकिळाबाई म्हणाल्या. मग सेवापुस्तक मिटून, "खोटं नाही लिहिलंय त्यांनी."

त्याच आठवड्यात एका दुपारी थेरोंड्याचा चंदर धावत आला. त्याच्या बायकोला पहाटेपासून कळा येत होत्या. कोकिळाबाईंचं ताट नुकतंच वाढलं होतं.

"सखुबाई आहे तिकडे?"

"हाय. ती म्हनाली, बाईंना सांग, पन घाई न्हाय."

"मग बस. तू काही खाल्लंस का सकाळपासून?"

चंदरने नकारार्थी मान हलवली. कोकिळाबाईंनी आतून दुसरं ताट आणलं. तो दारात उकिडवा बसला, एक पाय बाहेर ठेवून, आणि घास न घेता त्यांच्या हाताकडे पाहत राहिला. कोकिळाबाईंचेही कान रस्त्याकडे होते, पोटात तोच जुना खड्डा होता. तरी त्यांनी आमटी वाढून घेतली, भात कालवला आणि म्हणाल्या, "जेव रे. पोर यायला अजून दोन तास आहेत."

पोर यायला तीन तास लागले.